एका वाडग्यातला उष्टा चहा: सिंगापूरमार्गे जपान

हवा पिळली तर बादलीभर पाणी निघेल अशा शहरात, भर जून महिन्यात, पन्नाशी उलटलेल्या एका सुशिक्षित महाराष्ट्रीय स्त्रीला पांढरे मोजे घालायला लावणं हा गुन्हा आहे की नाही, याबाबत आंतरराष्ट्रीय कायदा मूग गिळून बसला आहे. युद्धकैद्यांना काय खायला घालावं याचे नियम आहेत. राजदूतांच्या सामानाला हात लावू नये याचे नियम आहेत. मोज्यांबद्दल अवाक्षर नाही. शाळा सुटल्यावर मी मोजे घातले ते एकदाच, महाबळेश्वरला, आणि तेही स्वेटरवर फुकट मिळाले होते म्हणून. पण सिंगापुरातल्या एका कॉन्डोच्या अकराव्या मजल्यावर माझ्या वहिनीने माझ्यासमोर कोरी जोडी धरली आणि म्हणाली, "ताई, तातामीवर अनवाणी चालत नाही." तातामी म्हणजे गवती चटई. म्हणजे आपण आयुष्यभर चटईवर अनवाणी बसून जेवलो ते सगळं चुकलंच म्हणायचं.

तर मोज्यांपर्यंत कशी पोचले ते सांगते.

मला खरं तर जपानला जायचं होतं. चेरीचा बहर, बुलेट ट्रेन, आपोआप झाकण उघडणारं कमोड, सगळं बघायचं होतं. टूरवाल्याने जो आकडा सांगितला त्यात आमच्या सोसायटीची लिफ्ट नवी झाली असती. आमचे हे म्हणाले, "आपल्या सिंहगड रोडला जपानी बाग आहे की. रिक्षाने जाता येतं." तेवढ्यात सिंगापूरहून धाकट्या भावाचा, गिरीशचा, फोन आला. "ताई, इकडे ये. इथेच जपान दाखवतो. तिकीट निम्म्यात, राहणं-जेवण माझ्याकडे, आणि मृणालला तुझ्याशी काम आहे."

वहिनीला नणंदेशी काम आहे हे वाक्य मराठी भाषेत सहसा ऐकू येत नाही. मी त्याच दिवशी तिकीट काढलं. ह्यांना न्यायचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं आणि मोटर चालू करायला कुणीतरी विवाहित माणूस घरात लागतो.

पहिला दिवस: चायनीज स्टेशन, जपानी बाग, मराठी घोरपड

गिरीश सेंगकांगला राहतो आणि चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत काम करतो. नक्की काय करतो हे आम्हाला ठाऊक नाही. बँकेला ठाऊक असावं अशी आशा आहे. पहिल्या दिवशी त्याने सुट्टी काढली आणि मला जुरोंगच्या जपानी बागेत नेलं. सेंगकांग एका टोकाला, जुरोंग दुसऱ्या टोकाला, पण एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, थंडगार बसून जाता येतं. विमानतळावरच कार्ड घेऊन टाका आणि त्यात थोडे जास्तच पैसे भरा. कार्डातले पैसे संपले की फाटक उघडत नाही, आणि मागच्या रांगेतली माणसं काही बोलत नाहीत. पुण्यात निदान कुणीतरी ओरडतं, मन मोकळं होतं.

जपानी बागेला जायला उतरायचं चायनीज गार्डन स्टेशनवर. दोन्ही बागा शेजारी, मधे पूल, प्रवेश फुकट. चिनी बागेत लाल-पिवळा थाट, लग्नाच्या हॉलसारखा. जपानी बागेत दगड, गवत, दगडी दिवे, आणि मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा. रिकामी जागा बघायला लोक येतात हे बघून मला आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाची आठवण झाली. एवढ्या जागेत त्याने तीन विरंगुळा केंद्रं आणि स्वतःचे चार फोटो बसवले असते.

तळ्याकाठी एक हातभर घोरपड ऊन खात पडली होती. मी थांबले. गिरीश लगेच म्हणाला, "ताई, तिला दोर बांधायचा नाही हं. इथे दंड होतो."

जेवायला मॉलमधल्या जपानी फूड कोर्टात गेलो. मी शाकाहारी आहे हे भावाने तिथल्या मुलीला तीनदा सांगितलं. तिने मान डोलावून सूप आणलं. "व्हेजिटेबल सूप. ओन्ली व्हेजिटेबल," ती म्हणाली, आणि मग अगदी प्रामाणिकपणे, "अँड लिटल फिश." शाकाहारी वाचकांना सूचना: जपानी जेवणात मासा हे आपल्याकडच्या हिंगासारखं असतं. त्याला पदार्थ म्हणून कुणी मोजत नाही. काकडीची सुशी मागा आणि ती गुंडाळताना डोळ्यांत तेल घालून बघा.

रात्री जेवणं झाल्यावर मृणालने काम सांगितलं.

मृणाल पुण्यात आर्किटेक्ट होती. नऊ वर्षांपूर्वी गिरीशच्या मागोमाग इकडे आली ती डिपेंडंट पासवर. पासवर तसं छापलेलंच असतं, आणि ते कार्ड तिने नऊ वर्षं पर्समध्ये वागवलं. आल्यावर नोकरी मिळेना, मग रेवा लहान, मग राहून गेलं. सहा वर्षांपूर्वी ती एका जपानी बाईंकडे चहा शिकायला लागली. चहा म्हणजे आलं-गवती चहा नव्हे, तो जपानी चहाचा विधी. आमच्या घराण्यात यावर पुष्कळ विनोद झाले, बहुतेक मीच केले, आणि ते चांगले होते.

"सेन्सेई पुढच्या महिन्यात जपानला परत चालल्यात," मृणाल म्हणाली. सेन्सेई म्हणजे बाई, गुरू. "कायमच्या. इथल्या दुसऱ्या बाईंकडे गेले तर त्या पुन्हा रुमाल घडी करण्यापासून सुरू करतील. पण सेन्सेईंनी जायच्या आधी क्योटोला, चहाच्या मुख्य पीठाकडे, माझं नाव पाठवलं तर पुढचं शिकायची परवानगी मिळते. ती कुठेही चालते."

"म्हणजे गंडा बांधल्यासारखं."

"तसंच. शनिवारी मी यजमान. पहिल्यांदा एकटीने दाट चहा करणार. ते नीट झालं तर त्या नाव पाठवतील."

"मग करशील की. अडलंय कुठे?"

अडलं होतं ते मुख्य पाहुण्यावर. या चहात तीन पाहुणे. पहिल्या जागेवरच्या पाहुण्याने सगळ्यांच्या वतीने बोलायचं, विचारायचं, वाखाणायचं. ती ठरलेली बाई मुलीच्या बाळंतपणासाठी तोक्योला निघून गेली होती, आणि सेन्सेई म्हणाल्या होत्या, तुझ्या नवऱ्याची मोठी बहीण येतेय ना, तिला बसव. ज्याला काही येत नाही त्याला नीट चहा पाजलास तर तुला काही येतं.

"म्हणजे मी परीक्षेचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"अवघड प्रश्न," गिरीश आतून ओरडला.

मृणाल हसली नाही. "ताई, इथे माझं असं हे एकच आहे. बाकी सगळं गिरीशच्या कंपनीचं आणि रेवाच्या शाळेचं. मला हे जाऊ द्यायचं नाहीये."

मी आठ दिवसांत सिंगापूरची सगळी आकर्षणं बघणार होते. त्यातले पुढचे दोन दिवस त्यांच्या बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर गेले.

दुसरा आणि तिसरा दिवस: आमटीच्या वाडग्यावर सराव

तुम्ही सिंगापूरला जाल तेव्हा हा भाग गाळून थेट प्राणिसंग्रहालयात जा. मला ती मुभा नव्हती. मृणालने आमटीचा वाडगा पुढ्यात ठेवला, त्यात साधं पाणी घातलं, आणि शिकवायला बसली. वाडगा उजव्या हाताने घ्यायचा, डाव्या तळव्यावर ठेवायचा, शेजारणीला मान लवून म्हणायचं, मी आधी घेते. मग वाडगा दोनदा थोडा थोडा फिरवायचा, कारण त्याचं तोंड, म्हणजे देखणी बाजू, आपल्याकडे असते आणि तिथून पिणं हा उद्धटपणा.

"पहिला घोट घेतला की मी विचारेन, कसा झालाय. मग तुम्ही छान म्हणायचं."

"आणि छान नसला तर?"

"तरी छानच म्हणायचं, ताई."

इथे माझ्या संस्कारांना तडा गेला. आमच्या घरात 'बरा झालाय' ही सर्वोच्च पदवी. 'छान' म्हटलं की करणारी शेफारते आणि पुढच्या वेळी मीठ विसरते. माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी 'खाण्यासारखं आहे' म्हटलं, त्या आठवड्यात मी जमिनीवरून चार बोटं वर चालत होते.

मृणालची मुलगी रेवा पंधरा वर्षांची. ती सोफ्यावर फोन घेऊन पडली होती. तिथूनच तिने वर न बघता सांगितलं, "आत्या, दॅट वे कॅनॉट, ला. यू टर्न क्लॉकवाइज. यू आर टर्निंग लाइक मिक्सर."

"तुला येतं का गं हे?"

"नो ला. मम्मा डझ इट एव्हरी नाइट. विथ एम्प्टी बोल."

मृणालने ते ऐकलं नसल्यासारखं केलं. मी पण.

सराव संपता संपता तिने सांगितलं की वाडगा एकच असतो आणि तिघी त्यातूनच पितात. "पिऊन झालं की कडा पुसायची आणि पुढे द्यायचा."

"उष्टं?"

"पुसायचं असतं, ताई."

मी मान डोलावली. सरावात तो वाडगा पुढे द्यायला शेजारी कुणी नव्हतं. सगळं नीट झालं.

चौथा दिवस: चहा

सेन्सेईंचं घर शहराच्या जुन्या भागातल्या कॉन्डोत आहे. खाली पोहण्याचा तलाव, वर एका खोलीत तातामी, भिंतीतल्या कोनाड्यात एक लिहिलेली पट्टी आणि एक फूल. एकच. आपल्याकडे एक फूल वाहिलं तर देव घरच्यांची तब्येत विचारतो. बाहेरच्या खोलीत मोज्यांचं ते प्रकरण झालं, आणि मी आत सरकत गेले. चालत नाही, सरकत. गुडघ्यांवर.

माझ्यानंतर दुसऱ्या जागेवर किमुरासान बसल्या. जपानीत 'सान' म्हणजे आपलं राव, बाई, साहेब, सगळं एकात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पाठ अशी ताठ की मागे भिंत असावी असं वाटावं, अंगावर फिकट राखाडी रेशमी किमोनो. चाळीस वर्षं सिंगापुरात काढलेल्या. तिसऱ्या जागेवर खुद्द सेन्सेई, पाहुणीच्या रूपात परीक्षक.

आधी गोड आलं. मृणालने घरी केलेलं, पानाच्या आकाराचं, आत लाल कडधान्याचं गोड सारण. मी चावा घेतला आणि मला गहिवरून आलं. ते पुरण होतं! चवळीच्या कुठल्यातरी जपानी चुलतभावाचं पुरण, फक्त जायफळ घालायचं राहून गेलेलं. मला मोठ्याने म्हणायचं होतं, पण मी मुख्य पाहुणी होते. मी सुसंस्कृतपणे चावले.

मग सरकतं दार उघडलं आणि मृणाल आली.

मी तिला वीस वर्षं ओळखते. दाराआड अर्धी उभी राहून 'जेवायला वाढू का' विचारणारी, फोटोत कडेला उभी राहणारी मृणाल मला माहीत होती. ही बाई आत आली ती खोली आपली असल्यासारखी. रुमाल घडी केला, डबी पुसली, पळी धुतली. एकही हालचाल जास्तीची नाही. किटलीतल्या पाण्याचा आवाज येत होता, आणि माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या त्यांचाही येत असावा. हिरवी पूड वाडग्यात, थोडं गरम पाणी, आणि बांबूच्या घुसळणीने ती ते सावकाश मळायला लागली. घुसळायला नव्हे, मळायला. मग वाडगा माझ्यापुढे आला.

आत जे होतं त्याला चहा म्हणणं म्हणजे श्रीखंडाला ताक म्हणणं. गडद हिरवं, चकचकीत, कोथिंबिरीच्या चटणीत पाणी जरा जास्त पडावं तसं. मी उजव्या हाताने घेतला, डाव्या तळव्यावर ठेवला. किमुरासानकडे वळून मान लवली, "मी आधी घेते." त्यांनी मान लवली, अगदी खालपर्यंत. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस मला दिसले. वाडगा दोनदा फिरवला, घड्याळाच्या दिशेने. सगळं बिनचूक.

आणि तिथे माझ्या मनात आलं: या बाई माझ्या आईच्या वयाच्या. यांना मी माझं उष्टं देणार?

पुढचं मी केलं नाही. माझ्या हातांनी केलं. लहानपणी पाहुण्यांच्या तांब्याला तोंड लावलं म्हणून ज्या हातांवर फटके बसले होते, त्या हातांनी. मी मान मागे टाकली, वाडगा चेहऱ्यावर वीतभर उंच धरला, आणि तोंड न लावता, वरून, धार सोडली.

धार आली नाही.

दाट चहा पाण्यासारखा पडत नाही हे मला कळायला वेळ लागला. मी आ वासून वर बघत राहिले आणि वाडग्याच्या कडेवर तो हिरवा गोळा विचार करत थांबला. मग तो गोळा एकदम आला. बराचसा तोंडात, थोडा हनुवटीवर, आणि एक टपोरा थेंब माझ्या आणि किमुरासानच्या मधे, पिवळसर कोऱ्या तातामीवर.

मी गिळलं. कडुनिंब, पालक आणि ओलं गवत यांचं संयुक्त कुटुंब. वाडगा खाली आणला आणि किमुरासानच्या दिशेने सरकवला.

त्या घेईनात. अदबीने, हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिल्या. कशाची, ते माझ्या लक्षात येईना. मग आलं. कडा पुसायची होती. पण मी तोंडच लावलं नव्हतं, तर पुसू काय? मी वाडगा पुढे केलेला, त्या वाट बघतायत, सेन्सेई समोरच्या भिंतीकडे बघतायत. आणि मी मृणालकडे बघितलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. यजमानाने या वेळी फक्त ठरलेली वाक्यं बोलायची असतात, ठरलेल्या भाषेत. सहा वर्षं ती खोली तिने दुसऱ्यांच्या शब्दांत वावरून मिळवली होती. तिने घुसळणी खाली ठेवली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली, "ताई, तोंड लावा."

"अगं, पण त्यांना उष्टं..."

"उष्टंच करायचंय. त्यासाठीच आहे हे. लावा तोंड."

माझ्याशी ती या आवाजात पहिल्यांदाच बोलली. मी निमूटपणे वाडगा परत घेतला, तोंड लावलं, प्यायले. तिने तिच्या ठरलेल्या जपानीत विचारलं, कसा झालाय. मी मराठीत म्हणाले, "छान झालाय." कडा पुसली. वाडगा किमुरासानना दिला. त्या तो घ्यायला गुडघ्यांवर जराशा पुढे सरकल्या, गरजेपेक्षा किंचित जास्तच, आणि तिथेच बसून प्यायल्या. अगदी शांतपणे, मी जिथे तोंड लावलं होतं तिथूनच. मग सेन्सेई प्यायल्या.

सगळं आटपल्यावर सेन्सेई मृणालकडे वळल्या. इंग्रजीत बोलल्या, माझ्यासाठी असावं. "तू काय सांगितलंस तिला?"

मृणाल उष्टं म्हणजे काय ते समजावायला लागली. आधी जपानीत, मग इंग्रजीत. तोंड लागलेलं अन्न, ते दुसऱ्याला देत नाहीत, आई मुलाचं खाते, बायको... तिथे ती थांबली, कारण पुढचं वाक्य कुठल्याच भाषेत धड होत नव्हतं. सेन्सेईंनी 'हं' असा आवाज काढला. आता काहीतरी गहन ऐकायला मिळणार म्हणून मी सावरून बसले. क्योटो, रिकामी जागा, एक फूल, सगळ्याचा अर्थ एका वाक्यात येणार.

"चहात गुठळ्या होत्या," सेन्सेई म्हणाल्या. "दोन. पाणी थोडं गार होतं."

मृणालने मान खाली घातली.

"माझ्या खोलीत यजमानाने पाहुण्याला रागे भरलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं." सेन्सेईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, भाजी निवडताना कीड दिसावी तसं. "पाहुणी सुधारली. मी क्योटोला नाव पाठवते."

मृणालने कपाळ तातामीला टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मला फक्त तिची मान दिसत होती. माझे पाय कमरेखाली अस्तित्वात नव्हते, नाहीतर मी उठून काहीतरी अशोभनीय केलं असतं.

खाली जाताना लिफ्टमध्ये आम्ही तिघी, मृणाल, किमुरासान आणि मी. आरशात मला किमुरासानचा गुडघा दिसला. राखाडी रेशमावर हिरवा डाग, टपोऱ्या थेंबाएवढा. सेन्सेईंच्या तातामीवर काही उरलं नव्हतं, कारण ते सगळं या किमोनोने उचललं होतं.

"किमुरासान, तुमचा..." मी सुरुवात केली.

"माझी नजर कमी झालीय," त्या हसून इंग्रजीत म्हणाल्या. "कुठे बसते ते दिसत नाही."

"मी धुऊन देते. म्हणजे पैसे..."

मृणालने माझा दंड दाबला. किमुरासान म्हणाल्या, "नाही, नाही. उद्या सकाळी एक मैत्रीण ओसाकाला चाललीय. तिच्याबरोबर धाडते. तिकडे जुने कारागीर आहेत." जाणारं माणूस आहे का बघून त्याच्याबरोबर वस्तू धाडणं ही कला फक्त आपलीच असं मी समजत होते. "म्हणजे उद्या दफनभूमीत जाणं होणार नाही, एवढंच."

"कुणाच्या...?"

"माझं कुणी नाही तिथे." लिफ्ट उघडली तरी त्या बोलत राहिल्या. हौगांगला जपानी दफनभूमी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जपानातल्या गरीब गावांतून मुली आणून इथल्या गल्ल्यांमधल्या घरांत विकल्या जायच्या. त्यातल्या कितीतरी इथेच मेल्या. भिंतीकडेला त्यांचे ठेंगणे दगड आहेत, काहींवर नावही नाही. घरचं कुणी येत नाही. म्हणून या चार-पाच म्हाताऱ्या पाळीपाळीने जातात, गवत काढतात आणि दगडांवर पाणी घालतात. "उद्या माझी पाळी. पण चालेल. त्यांना वाट बघायची सवय आहे."

टॅक्सीत मी मृणालला म्हटलं, "मी त्यांना एखादी पैठणीची पर्स तरी देते."

"देऊ नका. त्या परत काहीतरी देतील, मग तुम्ही, मग त्या. माझं आयुष्य कुरिअरच्या रांगेत जाईल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आज तुम्ही मेलातच असता, ताई. माझ्या हातून." आणि इतकी हसायला लागली की ड्रायव्हरने आरसा नीट केला.

घरी

पुण्यात येऊन आता पंधरा दिवस झाले. लोक विचारतात काय बघितलंस. उरलेल्या दिवसांत मी समुद्र बघितला, झाडांच्या आकाराच्या इमारती आणि इमारतींच्या आकाराची झाडं बघितली, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाऊगल्लीत, कोपी प्यायले. कोपी म्हणजे कंडेन्स्ड मिल्कमध्ये बुडालेली कॉफी. 'कमी साखर' सांगायला विसरू नका. यातलं फारसं काही राहिलं नाही. राहिला तो 'तोंड लावा' म्हणणारा आवाज. परवा फोनवर मृणालने मला माझ्या ब्लड प्रेशरच्या गोळ्यांवरून झापलं, त्याच आवाजात, आणि मी निमूटपणे गोळी घेतली. क्योटोला नाव गेलंय. गिरीश म्हणतो, घरात आता त्यालाही रांगेत उभं राहावं लागतं.

चहाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र मी मुद्दाम मागे ठेवली. ती मी मृणालला सांगितली नाही, आणि ती माझा ब्लॉग वाचत नाही. तिच्या मते मी फार अतिशयोक्ती करते.

सकाळी सगळे झोपलेले असताना मी खाली उतरून टॅक्सी केली. सेंगकांगहून हौगांग जवळच आहे. ड्रायव्हर चिनी, सत्तरीचे. इथे अशांना अंकल म्हणतात. पत्ता सांगितल्यावर त्यांनी मान वळवली.

"जापनीज सिमेटरी? यू इंडियन, वॉट फॉर?"

"मैत्रिणीचं काम आहे."

त्यांनी गाडी काढली. मग इंग्रजीत म्हणाले, "जपानी राज्य होतं ना इथे, युद्धात. माझ्या आजीने तेव्हा नुसतं टॅपिओका खाल्लं. कंद. सकाळी टॅपिओका, रात्री टॅपिओका. मरेपर्यंत पुन्हा तोंडात घातलं नाही. घरात आणू दिलं नाही."

मी त्यांना सांगितलं नाही की त्याच कंदाचा साबुदाणा करून आम्ही उपासाला खातो आणि वर दाण्याचं कूट घालतो. सगळ्याच गोष्टी सगळ्यांना सांगायच्या नसतात.

"सैनिकही आहेत आत," अंकल म्हणाले.

"मी सैनिकांकडे नाही चालले. मुली आहेत. विकलेल्या."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "दोज गर्ल्स," ते म्हणाले. मग उतरताना, "गो, गो ला. हॉट लेटर."

बंगल्यांच्या गल्लीत, एका साध्या फाटकाच्या आत आहे ती जागा. प्रवेश फुकट, सकाळी लवकर उघडते, डास भरपूर. मोठे दगड मध्यभागी, ज्यांना घराणी होती त्यांचे. मी भिंतीकडे चालत गेले. ठेंगणे दगड होते, घोट्याच्या वर जेमतेम, एका ओळीत, झिजून गोल झालेले. काहींवर दोन-तीन अक्षरं. काहींवर काहीच नाही.

नळाशी बादली आणि लांब दांड्याची पळी होती. किमुरासानची ओळ कुठली हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी भिंतीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. आधी गवत उपटलं. मग पळीने पाणी घातलं, एकेका दगडावर, सावकाश. आपल्याकडे पाणी देताना नाव घेतात, गोत्र घेतात. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. 'हे घे गं' एवढंच म्हणत गेले. वाळलेला दगड पाण्याने काळा होतो, आणि थोडा वेळ त्याच्यावरची अक्षरं ठळक दिसतात.

ओळ संपली तेव्हा ऊन चढलं होतं. हातांना चिखल लागला होता तो नळावर धुतला. बादली विसळून पालथी घातली, पळी तिच्यावर जशी होती तशी आडवी ठेवली, आणि उपटलेलं गवत कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. मागे वळून एकदा नीट बघितलं. किमुरासान येऊन गेल्या असत्या तर दिसलं असतं, तसंच दिसत होतं.